भाजी चिरायच्या फळीवरचा अँटेना: ॲरिझोनाच्या उन्हातलं एक प्रकरण

डिसेंबर २०२२ मध्ये आमच्या टीव्हीला विचित्र खोड लागली. सकाळी सातला लावला की चित्राचे चौकोन पडायचे, आवाज तुटायचा, मध्येच पडदा काळा. दहाच्या सुमारास ऊन वर आलं की कुणी काही न करता सगळं सुरळीत. दुपारी तक्रार नाही, रात्री झोपेपर्यंत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

बाबा तेव्हा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले होते, आणि सकाळचा टीव्ही त्यांचा. "आमच्या वेळी मुंग्या यायच्या," ते म्हणाले, "निदान काहीतरी बिघडतंय हे आधी कळायचं. हे तुझं एकदम बंदच पडतं." त्यांचं बरोबर होतं. जुन्या ॲनालॉग प्रक्षेपणात सिग्नल क्षीण झाला की चित्रातल्या मुंग्या वाढत जायच्या. इथल्या डिजिटल प्रक्षेपणात सिग्नल गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबेल वर आहे तोवर चित्र लख्ख, आणि त्याखाली घसरला की काहीच नाही. मधली पायरी जवळजवळ नसतेच. त्यामुळे दोष सावकाश वाढत असला तरी दिसतो एकदम, आणि आपल्याला वाटतं कालच काहीतरी झालं. हा दोष पावणेदोन वर्षं मुरत होता. तो टीव्हीत नव्हता, केबलमध्ये नव्हता, अँटेनाच्या तांब्यातही नव्हता. तो प्लास्टिकमध्ये होता.

घर, डोंगर आणि पहिला अँटेना

आम्ही क्वीन क्रीकला राहतो, फिनिक्सच्या आग्नेयेला. शहरातल्या बहुतेक मोठ्या वाहिन्यांचे मनोरे साउथ माउंटन या एकाच डोंगरावर आहेत. आमच्या घरापासून पश्चिम-वायव्येला, सुमारे २५ मैलांवर. एवढ्या अंतराला खिडकीत चिकटवायचा पातळ अँटेना पुरायला हवा होता. पण इथल्या घरांच्या भिंती म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर ठोकलेली लोखंडी जाळी आणि जाळीवर गिलावा. या जाळीतून टीव्हीच्या लहरी आत येताना अर्धमेल्या होतात. म्हणून अँटेना बाहेर, छतावर, हे नक्की झालं.

घरी अँटेना बनवायचा हे मात्र हौसेपोटी. विकतचा मिळतो, महागही नसतो. पण लहानपणी पुण्यात गच्चीवर बाबांनी सिंहगडाच्या मनोऱ्याकडे तोंड करून बांधलेला ॲल्युमिनियमचा अँटेना मी हाताने फिरवलेला आहे, आणि खालून "आला, आला, गेला, जरा मागे!" असा ओरडा ऐकलेला आहे. ती खाज गेली नव्हती.

मार्च २०२१ मध्ये मी चार टप्प्यांचा बो-टाय बांधला. तांब्याच्या जाड तारेच्या इंग्रजी व्ही आकारात वाकवलेल्या काड्या, प्रत्येक बाजू २५ सेंटिमीटरच्या आसपास. अशा दोन-दोन काड्यांच्या चार जोड्या, एकाखाली एक, २३ सेंटिमीटर अंतराने. मधून खाली उतरणाऱ्या दोन तारा सगळ्या जोड्यांना सांधतात. मागे १० सेंटिमीटरवर कुंपणाची जस्ताळलेली जाळी. मधोमध बॅलन, म्हणजे अँटेनाचे ३०० ओहम केबलच्या ७५ ओहमला जुळवणारी छोटी डबी. हे सगळं यूएचएफसाठी, म्हणजे आता इथे उरलेल्या १४ ते ३६ क्रमांकांच्या, ४७० ते ६०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी. मुलांचं पीबीएस आणि फुटबॉलचं फॉक्स ही दोन केंद्रं मात्र खरोखरच्या ८ आणि १० क्रमांकांवर, म्हणजे त्याखालच्या व्हीएचएफ पट्ट्यात आहेत. त्यासाठी खाली एक वेगळी ७५ सेंटिमीटरची दुमडलेली डायपोल, म्हणजे दोन हातांचा साधा अँटेना, लावली. तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ती कधी बिघडलीच नाही.

आता प्लास्टिक. काड्या धरायला स्वयंपाकघरातली भाजी चिरायची पांढरी फळी, १२ मिलिमीटर जाड, पट्ट्या कापून. ती एचडीपीईची, म्हणजे जास्त घनतेच्या पॉलिथिनची. पाठकणा आणि खांब दोन्ही पाण्याच्या पांढऱ्या पीव्हीसी नळीचे. मधल्या तारा एकमेकींपासून लांब ठेवायला ॲक्रिलिकचे पारदर्शक तुकडे. केबल बांधायला पांढऱ्या नायलॉनच्या पट्ट्या. माझा विचार एवढाच, की प्लास्टिक गंजत नाही. कोकणात आजोळ असलेल्या माणसाला बाहेर ठेवलेल्या वस्तूचा वैरी म्हणून गंजच आठवतो. तिथे खाऱ्या वाऱ्याने खिडकीच्या कड्यासुद्धा दोन पावसाळ्यांत सोलवटतात.

फिनिक्समध्ये वर्षाला सात-आठ इंच पाऊस. इथे गंज सुस्त असतो. इथला वैरी डोक्यावर असतो, आणि तो किती कडक आहे हे रंग आणि प्लास्टिक बनवणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बाहेर टिकण्याची परीक्षा घ्यायची तर अमेरिकेत दोन जागा प्रमाण मानतात: दमट उन्हासाठी दक्षिण फ्लोरिडा आणि कोरड्या उन्हासाठी ॲरिझोना. फिनिक्सच्या उत्तरेला न्यू रिव्हरजवळ अशी मैदानं आहेत, जिथे दक्षिणेकडे तोंड करून तिरक्या मांडण्यांवर हजारो नमुने वर्षानुवर्षं भाजत ठेवलेले असतात. थोडक्यात, जगभरचे लोक ज्या प्रयोगशाळेत आपलं प्लास्टिक पाठवतात, त्याच उन्हात मी भाजीची फळी टांगली होती.

पाना बाबांच्या हातात

सकाळीच बिघडतं म्हटल्यावर पहिला संशय दवावर गेला. केबलच्या टोकाचे जोड उघडले, कोरडे ठणठणीत. बॅलन बदलला. केबल बदलली. टीव्हीच्या मेनूत सिग्नल गोंगाटापेक्षा किती डेसिबेल वर आहे तो आकडा दिसतो, तो लिहून ठेवायला लागलो: सकाळी सातला १३-१४, नऊला १७, दुपारी २४. पाऊस नाही, धुकं नाही. बदलत होतं फक्त तापमान. पहाटे ४ अंश, दुपारी उन्हात बोट टेकवलं तर कोमट.

शेवटी बाबा शिडीवर चढले. (त्यांनी चढू नये असं सगळ्यांचं मत होतं. त्यांचं नव्हतं.) ते आयुष्यभर कारखान्यात मेंटेनन्सला होते, मेनूतल्या आकड्यांपेक्षा त्यांचा पान्यावर विश्वास.

"अरे, हा नट हाताने फिरतोय."

"मी स्वतः आवळलेत बाबा, एकूण एक."

"आवळले असशील. तेव्हा." त्यांनी दुसऱ्याला हात लावला. "हाही. पाव फेरा मोकळा आहे. खाली वॉशर लावलास तो प्लास्टिकमध्ये रुतून बसलाय बघ."

इथे प्रकरण उलगडलं. माझ्या बांधणीत काडी, मधली तार, वॉशर आणि फळी हे सगळं एकाच बोल्टने एकत्र आवळलेलं होतं. तांब्याला तांबं चिकटून राहायचं ते फळी मागून रेटून धरते म्हणून. आणि पॉलिथिन असं रेटून धरणारं प्लास्टिक नाही. सतत दाब राहिला की ते हळूहळू सरकतं, दबून जागा सोडतं. गरम असताना तर फारच. उन्हाळ्यात ही फळी ६०-६५ अंशांपर्यंत तापत असणार. तेव्हा ती फुगते, बोल्ट फुगू देत नाही, मग ती वॉशरखाली चेपून बाजूला सरकते. हिवाळ्यात फळी आकसते, पण चेपलेली जागा परत भरून येत नाही. हिशेब केला: पॉलिथिन दर अंशाला साधारण लाखात पंधरा भाग वाढतं किंवा आकसतं, पोलादी बोल्ट जेमतेम एक-दीड भाग. १२ मिलिमीटर जाडी, ६० अंशांचा फरक, म्हणजे एक दशांश मिलिमीटरची फट. डोळ्यांना न दिसणारी, पण काडी आणि तार यांच्यात हवा शिरायला भरपूर. पहाटे गारठ्यात आठांपैकी तीन-चार सांधे सुटायचे. ऊन लागून फळी थोडी फुगली की पुन्हा चिकटायचे. म्हणून दहाला सगळं सुरळीत.

आम्ही नट आवळले. टीव्ही सुधारला. फेब्रुवारीच्या एका वादळी रात्री वरची पट्टी बोल्टांच्या रेषेतून सरळ दुभंगली आणि दोन काड्या जाळीवर लटकल्या.

टेबलावर मांडलेले अवशेष

मार्च २०२३ मध्ये अँटेना उतरवून गॅरेजमधल्या टेबलावर पसरला. या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला दिवस हाच. दोन उन्हाळे एकत्र काढलेले चार प्रकारचे प्लास्टिक, आणि चौघांची चार दुखणी.

फळीच्या पट्ट्यांवर वॉशर काढल्यावर खाली दुधासारखी पांढरी, गुळगुळीत वर्तुळं निघाली. बाकी सगळा भाग मळकट आणि बारीक भेगांच्या जाळ्याने भरलेला. एक पट्टी पकडीत धरून वाकवली. उन्हाकडची बाजू आत ठेवली तर ती नव्यासारखी वाकली. उलटी धरून उन्हाकडची बाजू बाहेर ठेवली तर कट्कन दोन तुकडे. कुजलेला थर केसाइतका पातळ, पण तडा तिथे जन्म घेतो आणि मग आतल्या निरोगी भागातूनही धावत जातो. भाजीची फळी घरात राहणार म्हणून बनवलेली असते. तिच्यात अतिनील किरणांपासून वाचवणारं काही घालायची कुणाला गरज पडत नाही.

ॲक्रिलिकचे तुकडे याच्या बरोबर उलट. दोन वर्षं तेच ऊन खाऊन काचेसारखे स्वच्छ, पिवळेपणाचा मागमूस नाही. पण पाचांपैकी तीन भोकापासून कडेपर्यंत तडकलेले. चूक माझी. लाकडाच्या ड्रिलने भोकं पाडली, तीही बोल्टच्या मापाला अगदी घट्ट. ॲक्रिलिक सूर्याला भीत नाही, ताणाला भितं. भोक मोठं, ड्रिलचं टोक त्याच्यासाठी घासलेलं, आणि बोल्ट हलक्या हाताने आवळलेला असता तर हे तुकडे अजून दहा वर्षं गेले असते.

पीव्हीसीची नळी मोडली नव्हती, पण कमरेत वाकली होती. पाण्याच्या नळीला ६० अंशांच्या वर वापरू नका असं बनवणारेच सांगतात, आणि छतावरच्या जुलैत ती तिथवर पोचते. वरून जुलै ते सप्टेंबरच्या मान्सूनमधली धुळीची वादळं. इथेही त्याला मान्सूनच म्हणतात, आणि आमच्या मान्सूनशी त्याचं नातं नावापुरतं. अँटेनाचं तोंड त्यामुळे डोंगरावरून खाली, शेजाऱ्याच्या गॅरेजकडे कललं होतं.

नायलॉनच्या पांढऱ्या पट्ट्या? त्या पहिल्याच हिवाळ्यात गेल्या होत्या. अर्ध्या छपराच्या पन्हळीत सापडल्या. नायलॉनला लवचीक राहायला थोडा ओलावा लागतो. मुंबईत तो हवेतूनच मिळतो, इथल्या हवेत तो नाही. ऊन आणि कोरडेपणा दोन्ही मिळून त्यांची काडी झाली.

काय घ्यायचं: नाव नव्हे, घराणं

टेबलावरच्या पसाऱ्याने एक गोष्ट शिकवली. "पीव्हीसी चांगलं की पॉलिथिन" हा प्रश्नच चुकीचा आहे. दोन्ही नावं म्हणजे कुळं. कुठल्या घराण्यातलं, आत काय मिसळलंय, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पीव्हीसीचंच घ्या. प्लंबिंगच्या रांगेत पांढरी नळी आणि चार पावलांवर विजेच्या वायरिंगच्या रांगेत करडी नळी. किमतीत फार फरक नाही. पण करड्या नळीवर 'सनलाइट रेझिस्टंट' असं छापलेलं असतं, कारण ती इमारतीच्या बाहेरून जाणार हे गृहीत धरूनच तिचं मिश्रण ठरवलेलं असतं. पांढऱ्या नळीचं काम भिंतीत आणि जमिनीत राहून पाण्याचा दाब सोसण्याचं. तीही उन्हात लगेच मरत नाही. पृष्ठभाग तपकिरी पडतो आणि मुख्यतः धक्का सोसायची ताकद जाते. म्हणजे ती जागेवर ठीक दिसते आणि शिडी आपटली की फुटते.

पॉलिथिनची हीच गोष्ट, फक्त रंग काळा. पॉलिथिनमध्ये दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक, म्हणजे बारीक काजळी, नीट मिसळली की किरण पृष्ठभागावरच शोषले जातात. बाहेरच्या केबलींचं काळं आवरण, शेतातल्या काळ्या नळ्या, सगळं याच युक्तीवर टिकतं. बाबांना हे पटेना.

"काजळी म्हणजे कोळसाच ना? मग त्यातून वीज नाही का जाणार? आणि तू त्यावर अँटेना लावणार?"

रास्त शंका. मी मल्टिमीटर लावून दाखवला, काटा ढिम्म. दोन-अडीच टक्क्यांना काजळीचे कण एकमेकांना भिडत नाहीत, त्यामुळे वाट तयार होत नाही. टायरच्या रबरात किंवा स्थिर वीज घालवण्यासाठी मुद्दाम बनवलेल्या काळ्या प्लास्टिकमध्ये काजळी खूप जास्त असते, तिथे शंका खरी ठरते. म्हणून 'काळं प्लास्टिक' असं मोघम घेऊ नये, उन्हासाठीचं काळं एचडीपीई असं विचारून घ्यावं.

पॉलिकार्बोनेटचा मोह फार झाला. हातोडा मारला तरी न फुटणारं, ॲक्रिलिकइतकंच देखणं. पण बाहेरच्या वापराच्या पत्र्याला अतिनील रोखणारा थर वरून दिलेला असतो, बऱ्याचदा एकाच बाजूला. मी तर त्याचे अंगठ्याएवढे तुकडे कापून चार-चार भोकं पाडणार. उघड्या कडाच जास्त. शिवाय नट सुटू नये म्हणून मी आट्यांवर जो द्रव लावतो त्याने ताणाखालचं पॉलिकार्बोनेट तडकतं. मोठा पत्रा अखंड वापरायचा असता तर घेतलं असतं.

ऑफिसातल्या एका मित्राने थ्री-डी प्रिंटरवर सुबक खोबणी छापून द्यायची तयारी दाखवली. त्याच्याकडे पीएलए हे छपाईचं प्लास्टिक होतं. ते ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं. इथे उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलं तर संध्याकाळी गणपतीचं विसर्जन झाल्यासारखं दिसेल. छपाईचं दुसरं प्लास्टिक म्हणजे एबीएस, पण साध्या एबीएसमधला रबराचा भाग उन्हात सडतो. छापायचंच तर एएसए हवं, जे एबीएसचं उन्हासाठी बनवलेलं भावंड आहे. ते त्याच्या यंत्रावर धड छापलं जाईना.

मग राहिला विजेचा हिशेब, म्हणजे कुठलं प्लास्टिक सिग्नलची किती ऊर्जा गिळतं, ज्यावर अँटेनावाले सगळ्यात जास्त वाद घालतात आणि जो माझ्या मते सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. तक्त्यात बघितलं तर पीव्हीसी पॉलिथिनपेक्षा कित्येक पटींनी जास्त ऊर्जा गिळतं. पण तक्त्यातला आकडा अख्खी लहर त्या प्लास्टिकमधूनच जाते असं धरून असतो. अँटेनात लहर हवेत असते, प्लास्टिक कुठेतरी टेकू म्हणून. एक रूढ चाचणी सांगतात: प्लास्टिकचा तुकडा पाण्याच्या पेल्यासोबत मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभर ठेवा, तापला तर नको. बायकोने विचारलं, "पीव्हीसी जळलं तर काय निघतं?" हायड्रोजन क्लोराइड, मी म्हणालो. चाचणी तिथेच संपली. तशीही ती २४५० मेगाहर्ट्झवरची, आपल्या पट्ट्याच्या चौपट वर.

त्याऐवजी नव्या अँटेनाचा नुसता सांगाडा उभा करून सगळ्यात क्षीण वाहिनी लावली, आणि मधल्या तारांना एकेक प्लास्टिकची पट्टी चिकटवून मेनूतला आकडा पाहिला. करडं पीव्हीसी, काळं एचडीपीई, ॲक्रिलिक: आकडा अर्ध्या डेसिबेलपेक्षा जास्त हलला नाही, आणि तेवढा तर मी शिडीवरून उतरलो तरी हलतो. मग गंमत म्हणून ओलं फडकं गुंडाळलं. एकदम तीन डेसिबेल खाली. पाण्याच्या तुलनेत सगळी प्लास्टिकं निरुपद्रवी. यातून एक गोष्ट बांधणीत आली: मधल्या तारा प्लास्टिकवर लोळवायच्या नाहीत, बोटभर अंतरावर हवेत ठेवायच्या, म्हणजे पाण्याची धार दोघींना जोडत नाही.

दुसरी बांधणी

खांबासाठी प्लास्टिक सोडूनच दिलं. कुंपणाच्या वरच्या दांड्याला वापरतात ती जस्ताळलेली पोलादी नळी आणली. खांब धातूचा असला तरी तो जाळीच्या मागे राहतो, त्रास देत नाही. त्याला १० गेजच्या तांब्याच्या तारेने घराच्या अर्थिंगशी जोडलं. वादळात विजा इथेही कडकडतात.

पाठकणा करड्या नळीचा, ९० सेंटिमीटर. ६० अंशांच्या फरकात ती तीन-साडेतीन मिलिमीटर लांब-आखूड होते, म्हणून खांबाला तिचं एकच टोक पक्कं बांधलं, दुसऱ्या टोकाचं भोक लांबट ठेवलं. काड्या धरायला काळ्या एचडीपीईचे ठोकळे. ते सरकतं हे माहीत असूनही तेच घेतलं, कारण ते तडकत नाही, आणि सरकण्याचा इलाज बांधणीत होता.

इलाज असा. बोल्टला दोन नट. पहिला नट मोठ्या वॉशरसकट बोल्टला ठोकळ्यात पक्का बसवतो, एवढंच त्याचं काम. त्याच्या वर वॉशर, काडी, मधली तार, पुन्हा वॉशर, स्प्रिंग वॉशर आणि दुसरा नट. काडी आणि तार आता धातूंच्या मध्ये चेपलेल्या आहेत. ठोकळा कितीही दबला, फुगला, आकसला तरी त्यांच्यातली पकड बदलत नाही. बोल्ट फार तर थोडा डुलेल. बाबांनी ते बघितलं आणि म्हणाले, "हे तर आमच्या स्टार्टरच्या टर्मिनलला असतं तसंच आहे. आधी का नाही केलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बोल्ट-नट सगळे स्टेनलेसचे, कारण तांब्याला जस्ताळलेला स्क्रू लागून पाणी पडलं की जस्त आधी जातं.

मधल्या तारांचे टेकू करड्या नळीच्याच चकत्या. बॅलन वायरिंगच्या करड्या डबीत, तळाला दोन भोकं. डबी कितीही बंद केली तरी आत दव धरतंच, त्यापेक्षा त्याला बाहेर पडायला वाट द्यावी. केबल बांधायला काळ्या, उन्हासाठीच्या पट्ट्या, आणि खांबावर स्टीलचे क्लॅम्प.

एवढ्यात वसाहतीच्या असोसिएशनचं पत्र आलं. छतावरची वस्तू शोभत नाही म्हणे. १९९६ पासून केंद्रीय दूरसंचार आयोगाचा नियम आहे की स्वतःच्या घरावर टीव्हीचा अँटेना लावायला अशी मंडळी बंदी घालू शकत नाहीत. तो नियम दाखवल्यावर मागणी उतरली: निदान घराच्या रंगाचा तरी करा. मी कुरकुरत करड्या नळीला फिकट वाळूरंगाचा, पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग दिला. (चंदेरी रंगात धातूची भुकटी असू शकते, तो टाळला. तेलाच्या रंगातली द्रावणंही पीव्हीसीला नकोत.) नंतर कळलं की पीव्हीसी नळ्या बनवणारे उन्हापासून वाचवायला नेमका हाच सल्ला देतात. ज्यांच्याशी भांडलो त्यांनीच माझ्या नळीचं आयुष्य वाढवलं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

त्यानंतरचे उन्हाळे

बाबा एप्रिलमध्ये परतले आणि अँटेनाची परीक्षा लगेच सुरू झाली. २०२३ च्या जूनअखेरीपासून फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला. २०२४ मध्ये सलग ११३ दिवस साधारण ३८ किंवा त्याहून वर. असे दोन उन्हाळे मी मागूनही घेतले नसते.

त्या ऑक्टोबरात वर चढून एकेक नट तपासला. आठांपैकी एका ठिकाणी पहिला नट किंचित सैल, ठोकळा दबलेला. वरचा सांधा मात्र पक्का. डिसेंबरच्या सकाळी सातला आकडा २३, दुपारी २४. काळ्या ठोकळ्यांवर बोट फिरवलं तर गुळगुळीत. रंग दिलेली नळी सरळ. डबीच्या खालच्या बाजूला रंग द्यायचा राहून गेला होता, तिथे करडी भुकटी बोटाला लागते. झाकण थोडं पिळवटलंय, पण तळाच्या भोकांमुळे आत ओल नाही. बिघडली ती एकच गोष्ट, जी मी निवडली नव्हती: विकत घेतलेल्या बॅलनचं स्वतःचं प्लास्टिकचं आवरण. हातात घेतल्यावर बिस्किटासारखं तुटलं. आतली फेराइटची कडी आणि तारा शाबूत होत्या, त्या तशाच नव्या डबीत बसवल्या.

परसातल्या दक्षिणेकडच्या भिंतीवर मी २०२३ च्या मे महिन्यात सहा पट्ट्या स्क्रूने लावून ठेवल्या होत्या: पांढरी फळी, काळं एचडीपीई, पांढरं पीव्हीसी, करडं पीव्हीसी, ॲक्रिलिक आणि एक पांढरी नायलॉनची पट्टी. आमचं खासगी न्यू रिव्हर. नायलॉन नवरात्राच्या सुमारास गळून पडलं. पांढरी फळी दोन वर्षं झाल्यावर वाकवली, तुटली. बाकी चार अजून भिंतीवर आहेत. बाबा व्हिडिओ कॉलवर दर दोन-तीन महिन्यांनी त्या बघायला मागतात, आणि दर वेळी एकच सूचना करतात: "तो पारदर्शक तुकडा आहे ना, त्याचा स्क्रू जरा ढिला कर."